पाण्याचा सातबारा

विकास योजनेच्या नकाशात पिवळा रंग राहत्या घरांचा, जांभळा कारखान्यांचा, हिरवा मोकळ्या जागांचा आणि गडद निळा दुकानांचा. पाण्याला फिका निळा मिळतो, तोही खाडी आणि तलावांपुरता. शहर ज्यावर जगतं ते नळातलं पाणी या नकाशात जवळजवळ नसतंच. जलवाहिन्या, जलकुंभ, व्हॉल्व्ह हा पाणीपुरवठा विभागाचा वेगळा कागद. त्यांची फाइल आणि नगररचनेची फाइल एकमेकींना भेटतात त्या बहुधा आयुक्तांच्या टेबलावर. मी नगररचना शिकले ती अशाच नकाशांवर. भूवापर, आरक्षणं, चटईक्षेत्र, रस्त्याची रुंदी, सगळं जमिनीचं. पाणी एका प्रकरणात येऊन जायचं: माणशी रोज १३५ लिटर, गुणिले अपेक्षित लोकसंख्या, वर गळतीसाठी थोडी भर. उत्तराखाली दोन रेघा मारल्या की प्रकरण संपलं.

पर्यावरणीय न्यायावरचा एक ऐच्छिक पेपरही होता. त्यात अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातलं वॉरेन काउंटी यायचं. १९८२ मध्ये तिथल्या कृष्णवर्णीय वस्तीजवळ विषारी माती पुरायचा घाट घातला गेला, लोक ट्रकांपुढे आडवे झाले, पाचशेहून जास्त जणांना अटक झाली. चांगलंच शिकवायचे. पण १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला तो त्या पेपरात नव्हता, आणि २० मार्च १९२७ चं चवदार तळंही नव्हतं. ते इतिहासात. पाणी कुणी प्यायचं हा प्रश्न सोडवायला महाडात माणसं लाठ्या खाऊन आली होती आणि आम्ही मुंबईतल्या वर्गात बसून त्याचं उदाहरण अटलांटिकपलीकडे शोधत होतो, याची गंमत मला बऱ्याच उशिरा वाटली.

पुढे काही वर्षं मी एका सल्लागार कंपनीसाठी नकाशे केले. नंतर भाईंदरला, जिथे माझी शाळा झाली, वस्त्यांमधल्या पाण्यासाठी काम करणाऱ्या एका छोट्या गटाबरोबर राहिले ती आजपर्यंत. कार्डावर अजून ‘नगररचनाकार’ असं छापलेलं आहे. लोक ‘पाण्यावाल्या मॅडम’ म्हणतात.

मिरा-भाईंदरमध्ये पाणी नेहमीच इमारतीच्या मागून आलं. १९८५ मध्ये ग्रामपंचायती एकत्र करून नगरपरिषद झाली, २८ फेब्रुवारी २००२ ला महापालिका. १९९१ च्या जनगणनेत पावणेदोन लाख माणसं, २००१ मध्ये ५ लाख २० हजार, २०११ मध्ये ८ लाख ९ हजार. वीस वर्षांत साडेचार पट. परळ-गिरगावातली खोली विकून, दहिसरच्या पुढे पहिलं स्वस्त घर कुठे मिळतं ते बघत लोक इथे उतरले. भातशेती आणि मिठागरांच्या कडेने चार-चार मजली इमारती उभ्या राहिल्या. बिल्डर ताबा देताना सांगायचा, पाण्याचं काम चालू आहे, तोवर टँकर आहे. त्या ‘तोवर’मध्ये एक पिढी मोठी झाली.

इथली जमीनही पाण्याला अनुकूल नाही. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र, मध्ये मिठागरं आणि तिवरं, पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर. सखल भागात बोअर मारली की मचूळ पाणी लागतं. धुण्याभांड्याला चालतं, डाळ शिजत नाही. जुनी आगरी गावं हे ओळखून होती. राई, मुर्धा, मोर्वा, नवघर, गोडदेव, कोणत्याही गावात जा, गावाला तलाव आहे. आज या तलावांची नावं वर्षातून एकदा सगळ्यांच्या तोंडी येतात, गणपती विसर्जनाच्या यादीत.

पिण्याचं पाणी येतं ते लांबून. बारवी धरणातून आणि मावळातल्या आंध्रा धरणातून सुटलेलं पाणी उल्हास नदीत येतं. तिथून काही एमआयडीसी उचलते, काही शहाडला स्टेम (शहाड-टेमघर पाणीपुरवठा प्राधिकरण) उचलते, आणि ठाण्यावरून घोडबंदर रस्त्याच्या कडेने ते आमच्याकडे पोहोचतं. वाटेत इतर शहरं आणि गावं आहेत. आम्ही वाहिनीच्या शेवटच्या टोकाला. शहाडला दुरुस्तीसाठी चोवीस तासांचा शटडाऊन जाहीर झाला की अनुभवी भाईंदरकर तीन दिवसांचं पाणी भरून ठेवतो, कारण पंप सुरू झाला तरी शेवटच्या टोकाला दाब यायला वेळ लागतो. ही हायड्रॉलिक्स इथल्या बायकांना कुणी शिकवलेली नाही.

आता आकडे. एमआयडीसीचा मंजूर कोटा १२५ दशलक्ष लिटर, स्टेमचा ८६. बेरीज २११. आजची लोकसंख्या चौदा लाख धरली तर माणशी दीडशे लिटर होतात. म्हणजे वर्गातल्या त्या १३५ पेक्षा जास्तच. मंजूर पाणी आणि प्रत्यक्ष येणारं पाणी यांत फरक असतो हे धरूनही कागदावर हे काही तहानलेलं शहर दिसत नाही. तरी शहरात कुणीही भेटलं की विचारतं, ‘तुमच्याकडे या वेळेला किती तासांनी आलं?’ पाणी ‘रोज’ येतं असं इथे कुणी म्हणत नाही. ते तासांनी मोजतात.

हे दीडशे लिटर जातात कुठे, ते बघायला मी व्हॉल्व्हमनबरोबर हिंडायला लागले. रात्रीचा माणूस पन्नाशीचा, पायात गमबूट, खांद्यावर ती लांब लोखंडी चावी. रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी आत घालायची, आटे मोजत फिरवायची. ‘मॅडम, साहेबांच्या कागदावर व्हॉल्व्ह उघडा नाहीतर बंद असतो,’ तो म्हणाला. ‘माझ्याकडे आटे असतात.’ कोणत्या गल्लीला किती आटे, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते त्याच्या हातात होतं, त्याच्या आधीच्या माणसाकडून आलेलं. पूर्ण उघडला तर खालच्या सखल इमारतींच्या जमिनीखालच्या टाक्या दहा मिनिटांत भरतात आणि चढावरच्या चाळींपर्यंत दाबच उरत नाही. कमी उघडला तर चाळींना उशिरा का होईना मिळतं, पण सोसायट्यांचे फोन सुरू होतात. फोन कुणाचे लागतात आणि कुणाचे लागत नाहीत, हे मी इथे सांगायला नको. त्यात वाहिनीला थेट पंप लावून पाणी ओढणारे वेगळे. त्यांच्या पुढच्या घरांत नळातून आधी नुसती हवा येते आणि मीटर असेल तर तो त्या हवेवरही फिरतो.

माझ्या धंद्यातल्या लोकांना ही गोष्ट पटवणं कठीण जातं. आम्हाला मोठे निर्णय आवडतात: धरण, कोटा, जलशुद्धीकरण केंद्र. पण मिरा-भाईंदरमध्ये एका घराला किती पाणी मिळणार हे बऱ्याच अंशी रात्री दोन वाजता रस्त्यातल्या खड्ड्यात ठरतं, आणि ते ठरवणारा बहुतेक वेळा कंत्राटी कामगार असतो.

म्हणून आम्ही वह्या केल्या. एका वस्तीतल्या बायकांनी लिहायला घेतलं: पाणी आलं किती वाजता, गेलं किती वाजता, किती हंडे भरले. शाळेतल्या मुलींनी रकाने आखून दिले. दोन-तीन महिन्यांची वही घेऊन आम्ही एका अभियंत्यांकडे गेलो. त्यांनी ती चाळली आणि सभ्यपणे परत केली. ‘हंडा हे माप नाही.’ बायका बाहेर आल्या त्या चिडून. एक मावशी म्हणाल्या, ‘नाही कसं? रोज डोक्यावरून नेते ते काय आहे मग?’ पण त्यांनीच पुढचा मार्ग काढला. दूधवाल्याकडचं लिटरचं माप आणलं, प्रत्येकीचा हंडा आणि कळशी त्या मापाने भरली आणि बुडाला ऑइलपेंटने आकडा घातला. कुणाचा बारा, कुणाचा चौदा, एकीचा जुना तांब्याचा सतरा. पुढच्या महिन्याची वही लिटरमध्ये होती. माणशी हिशेब काढला तेव्हा ते पाणी सरासरीच्या निम्म्यालाही पोहोचत नव्हतं. या वेळी अभियंत्यांनी वही ठेवून घेतली आणि झेरॉक्स काढायला शिपायाला पाठवलं. व्हॉल्व्हच्या वेळा बदलल्या. पाणी वाढलं नाही, एक थेंबही नाही, फक्त फिरलं. मला विचाराल तर शहरातलं पाण्याचं काम बरंचसं हेच आहे, आणि ते धरण बांधण्यापेक्षा जास्त भांडणाचं आहे.

वह्यांनी मात्र एक प्रश्न सुटत नव्हता. ज्यांच्याकडे नळच नाही त्यांनी वहीत काय लिहायचं?

काशीमिऱ्याच्या पूर्वेला, महामार्ग ओलांडला की डोंगराच्या उतारावर आदिवासी पाडे आहेत. वारली, कातकरी, मल्हार कोळी. महापालिका, नगरपरिषद, विकास योजना, कशाच्याही आधीपासूनचे. ठाण्याकडून शहरात येणाऱ्या मोठ्या वाहिन्या याच बाजूने शिरतात, म्हणजे शहराच्या हद्दीत पाणी सगळ्यांत आधी पोहोचतं ते यांच्या पायथ्याशी. आणि नळ सगळ्यांत शेवटी येतो तोही यांच्याकडेच. कारण सातबाऱ्यावर जमीन वनाची. नळजोडणीच्या अर्जाला जागेचा पुरावा लागतो, घरपट्टीची पावती लागते. वनजमिनीवरच्या झोपडीला घरपट्टी नाही, पावती नाही, म्हणून पाणी नाही. मी ज्या पाड्यावर जायचे तिथल्या एका आजीने मला विचारलं होतं, ‘तुजे नकाशात आमचा पाडा हाय का?’ होता. हिरव्या रंगाखाली.

इथे मला माझ्या विषयाची गाठ कुठे बसली आहे ते दिसलं. आपण पाणी जमिनीला बांधून टाकलं आहे. ज्याच्या नावावर जमिनीचा कागद, त्याला पाणी. शेतीत हे जुनंच आहे, शहरात आपण ते तसंच उचललं.

ही गाठ सोडवण्याचा महाराष्ट्रातला सर्वांत धाडसी प्रयत्न नगररचनेच्या पुस्तकात नाही, पुरंदरच्या नायगावात आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथे पाणी पंचायत उभी केली. तिचा नियम असा होता की पाण्याचा वाटा कुटुंबातल्या माणसांवर ठरेल, किती एकर जमीन आहे यावर नाही. माणशी अर्धा एकर भिजेल इतकं पाणी, आणि वरची मर्यादा सगळ्यांना सारखी. भूमिहीनालाही हक्क. जमीन विकली तर पाणी तिच्याबरोबर जाणार नाही. उसाला बंदी. आज वाचताना हे साधं वाटतं. त्या काळी माणूस इंजिनिअर असूनही वेडा ठरला असता, आणि काहींनी ठरवलंही असेल. मी साळुंख्यांबद्दल पहिल्यांदा वाचलं ते पाड्यावरच्या एका अर्जाचा मसुदा करताना, आणि मसुद्यातली ‘भोगवटादार’ हा शब्द असलेली ओळ खोडून तिथे ‘राहणारी माणसं’ लिहिलं.

कोर्टातून आलेली मदत मुंबईची होती. मुंबईत १ जानेवारी २००० नंतरच्या झोपड्यांना पाणी नाकारलं जायचं. पाणी हक्क समितीने त्याविरुद्ध जनहित याचिका केली आणि १५ डिसेंबर २०१४ ला मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की पाणी हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. झोपडी बेकायदा आहे म्हणून माणसाला पाणी पूर्णपणे नाकारता येणार नाही. निकालात हेही होतं की अशा घरांना अधिकृत घरांइतक्याच प्रमाणात पाणी मागता येणार नाही. म्हणजे न्यायालयाने गाठ सैल केली, सोडली नाही. पण सैल झालेल्या गाठीत बोट शिरतं. निकालाची प्रत घेऊन आम्ही कार्यालयात बसलो तेव्हा पहिल्यांदा समोरून ‘बसत नाही’ऐवजी ‘कसं बसवायचं’ असा प्रश्न आला.

बसवायचं वनहक्क कायद्यात. २००६ चा हा कायदा लोकांना माहीत आहे तो कसणाऱ्याच्या जमिनीसाठी. त्याच्या कलम ३(२) मध्ये एक यादी आहे: शाळा, अंगणवाडी, दवाखाना, वीजवाहिनी वगैरे, आणि त्यातच पिण्याचं पाणी व जलवाहिन्या. एक हेक्टरपेक्षा कमी जागा, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं पडणार नाहीत, ग्रामसभेची शिफारस हवी. एवढं असलं की वनजमिनीवरून पाइप नेता येतो. टेबलामागून लगेच शंका आली, महापालिकेच्या हद्दीत ग्रामसभा कुठून आणायची? शंका खोटी नव्हती. पण कायद्यातली गावाची व्याख्या महसुली गावापाशी थांबत नाही. जुन्या वस्त्या, मोजणी न झालेली गावं तीत येतात. हे समजावण्यात जे दिवस गेले त्यांत एक गोष्ट कळली, की अडवणारा माणूस बहुतेकदा दुष्ट नसतो. तो ऑडिटला घाबरलेला असतो. त्याला सही करायला धीर येईल असा कागद आपण त्याच्या हातात द्यायचा. नगररचनेच्या पदवीचा मला सर्वांत जास्त उपयोग इथे झाला: मी पाइपची मार्गरेषा मोजून, झाडं मोजून, उताराच्या आकड्यांसह नकाशा करून दिला. पाड्यावरच्या पोरांनी झाडांना चुन्याचे पट्टे मारले. वाचवायची झाडं, तोडायची नाहीत, हे वनरक्षकाला दोनदा सांगावं लागलं.

नळ आला. घरोघर नाही, पाड्याच्या तोंडाशी, सार्वजनिक. आजी म्हणाल्या, ‘आता भांडान व्हईल रोज.’ झालं, आणि चालू आहे.

उत्तनबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तिथल्या लोकांनी स्वतःच खूप लिहिलं आहे आणि ते लढलेही आहेत. भाईंदर पश्चिमेकडून राई, मुर्धा, मोर्वा मागे टाकत रस्ता समुद्राकडे जातो तो डोंगरी, उत्तन, पाली, चौक या कोळी आणि ईस्ट इंडियन गावांत. शहर जर उल्हासच्या वाहिनीचं शेवटचं टोक असेल तर उत्तन हे शहराचं शेवटचं टोक. पाणी तिथे सगळ्यात शेवटी पोहोचतं आणि कचरा सगळ्यात आधी. शहराचा कचरा उत्तनजवळच्या धावगी डोंगरावर जातो. तिथून पावसाळ्यात उतरणारं काळं पाणी शेतांत आणि विहिरींत येतं, उन्हाळ्यात आगी लागतात, धूर सुकवायला टाकलेल्या मासळीवर बसतो. गावकरी राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. वॉरेन काउंटीची स्लाइड मला पुन्हा आठवली ती धावगीच्या पायथ्याला. ज्यांच्या विहिरी गोड होत्या त्यांना आपण नळाच्या रांगेत शेवटी उभं केलं, आणि मग त्यांच्या विहिरीही बिघडवल्या. याला टंचाई म्हणता येत नाही.

आता सूर्या.

शहराची सगळी आशा या नावावर आहे. पालघर जिल्ह्यातल्या सूर्या नदीवर धामणी आणि कवडास इथे धरणं आहेत. तिथून एमएमआरडीएची प्रादेशिक योजना रोज ४०३ दशलक्ष लिटर पाणी आणणार: १८५ वसई-विरारला, २१८ मिरा-भाईंदरला. आज आमचा सगळा कोटा २११ आहे, त्यापुढे हा आकडा ठेवून बघा. वसई-विरारचा टप्पा २०२३ च्या अखेरीस सुरू झाला. आमच्या टप्प्याला वसईची खाडी आडवी आहे. मे २०२४ मध्ये याच योजनेच्या बोगद्यासाठी ससूनवघरजवळ चाललेल्या खोदकामात कडा कोसळून एक पोकलेनचालक यंत्रासकट गाडला गेला. शहरात त्या आठवड्यात मी दोन सोसायट्यांच्या बैठकांना होते. दोन्हीकडे प्रश्न एकच होता, आता योजना आणखी किती लांबणार.

मी सूर्येच्या लाभक्षेत्रात गेले ती पाण्याच्या दुसऱ्या टोकाला काय आहे ते बघायला. धरणं बांधली ती सिंचनासाठी: डहाणू, पालघर आणि विक्रमगड तालुक्यांतली १४,६०० हेक्टरांहून जास्त जमीन भिजायची होती. त्यातली बरीच आदिवासी शेतकऱ्यांची. शहरांकडे पाणी वळवायला तिथे सूर्या पाणी बचाव संघर्ष समितीने विरोध केला, कष्टकरी संघटना त्यात होती. कालव्याच्या कडेला उभं राहून एका शेतकऱ्याने मला त्यांचं म्हणणं सांगितलं. कालव्याची दुरुस्ती होत नाही, म्हणून शेवटच्या शेतांना पाणी पोहोचत नाही, म्हणून वापर कमी दिसतो, म्हणून पाणी शिल्लक ठरतं, आणि शिल्लक आहे म्हणून ते तुमच्याकडे जातं. ‘आमची उन्हाळी भाताची जमीन कोरडी ठेवा, मग म्हणा यांना पाणी नको.’ मी शेवटच्या टोकाच्या लोकांची वकिली करत इथवर आले होते. माझ्यासमोरही शेवटच्या टोकाचाच माणूस होता, फक्त कालव्याच्या.

आणि माझं आवडतं तत्त्व इथे उलटं पडत होतं. काशीमिऱ्याला मी म्हणत होते, पाणी जमिनीपासून सोडवा, माणसाला द्या. सूर्येच्या लाभक्षेत्रात पाणी जमिनीपासून सोडवणं म्हणजेच ते आदिवासीच्या हातून काढून घेणं होतं. जमिनीशी बांधलेलं ते पाणी हीच त्याची एकमेव मिळकत. माणशी मोजायला गेलं तर आमची माणसं केव्हाही जास्त भरणार. चौदा लाखांपुढे विक्रमगडचे पाडे कोणत्या तराजूत उतरतील? साळुंख्यांचा नियम एका गावाच्या वर्तुळात न्याय्य आहे. नदीच्या दोन टोकांमध्ये तो कसा लावायचा हे त्यांनी सांगितलेलं नाही, आणि मला अजून सापडलेलं नाही.

त्यात आणखी एक गोष्ट. विक्रमगड-जव्हारकडची माणसं भाताची कापणी झाली की कामाला बाहेर पडतात. वीटभट्ट्या, बांधकामं, वसई आणि आमचं भाईंदर. सकाळी नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुरांत ती असतात. बांधकामाच्या कडेला निळ्या ताडपत्रीखाली राहतात, पाणी टँकरचं किंवा शेजारच्या इमारतीच्या वॉचमनच्या मेहरबानीचं. पाइपातून त्यांच्या नदीचं पाणी येणार आहे आणि एसटीतून ती स्वतः आली आहेत. जोडणी मात्र दोघांतल्या एकाचीच मंजूर आहे. पाणी हक्काच्या निकालाचा सगळ्यात जास्त उपयोग जर कुणाला व्हायला हवा तर यांना, आणि आमच्या वह्यांत हे लोक सर्वांत कमी आहेत, कारण वही तीन महिन्यांची असते आणि बांधकाम त्याआधी संपतं.

पाणी घेणारं शहर पाणी देणाऱ्याचं काही देणं लागतं, ही कल्पना सरकारी कागदाला अगदीच नवी नाही. बारवी धरणाची उंची वाढवली तेव्हा मुरबाड तालुक्यातली तोंडली, काचकोली अशी गावं पाण्याखाली गेली आणि विस्थापित कुटुंबांतल्या माणसांना बारवीचं पाणी घेणाऱ्या महापालिकांमध्ये नोकरी द्यायचं ठरलं. आमची महापालिका त्यांत आहे. या तोडग्यात शंभर त्रुटी दाखवता येतील. नोकरी एकाला मिळते, गाव सगळ्यांचं जातं. तरीही मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात पाण्याचा लिटर आणि माणसाचं घर एकाच तक्त्यात आले. सूर्येच्या बाबतीत असा तक्ता कुणी मांडलेला नाही. मी तो मांडायच्या मागे आहे: २१८ दशलक्ष लिटरांच्या बदल्यात कालव्याची दुरुस्ती किती किलोमीटर, शेवटच्या शेताला हमी किती आवर्तनांची, आणि शहराने आधी आपली गळती किती कमी करायची.

शहरात हे बोलणं सोपं नाही. २०२२ मध्ये सुधारित विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाला तेव्हा हरकती-सूचनांसाठी आम्ही वस्त्यावस्त्यांत फिरलो. लोकांना आपल्या घरावर रस्ता येतो का एवढंच बघायचं होतं, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. आम्ही आग्रह धरला तो असा की प्रत्येक प्रभागाचा पाणीपुरवठा नकाशावर दाखवा: वाहिनी कुठवर, पुरवठा किती तासांनी, नळ नसलेली घरं किती. नवीन इमारतींना परवानगी देताना हा कागद जोडा. नगररचनेत पाणी हा प्रश्न नंतरचा नाही, एवढंच त्यामागे होतं.

मागच्या वर्षी मिरारोडच्या एका मोठ्या सोसायटीत बोलायला बोलावलं होतं. सूर्येचं ऐकवल्यावर सचिव उठले. निवृत्त बँक अधिकारी, गळ्यात चष्म्याची दोरी. ‘ताई, वीस वर्षं आम्ही टँकरचे पैसे भरले. आता पाणी येतंय तर तुम्ही त्याच्या आड येताय?’ मी म्हटलं, आड येत नाही. पाणी यावं, पण आपण घेतो किती आणि सांडतो किती हे आधी आपल्याला माहीत असावं. तुमच्या टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह गेल्या पावसाळ्यापासून बिघडलेला आहे, मी येताना पाणी गटारात जाताना पाहिलं. तो दुरुस्त करा, टाकीला मीटर बसवा आणि महिन्याचा आकडा सूचना फलकावर लावा. बाकीचं भांडण मग करू. ते म्हणाले, लिहून द्या. मी तिथेच लिहून दिलं. यंदाच्या वार्षिक सभेच्या नोटिशीत तो विषय क्रमांक सात आहे, इमारतीच्या रंगकामानंतर आणि पार्किंगच्या आधी.